दिनविशेष : ४ मार्च
खामगावची कापूस रेल्वे (१८७०)

जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा १८७० साली आजच्या दिवशी सुरू झाला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी देशाचा सर्वोच्च सत्ताधीश का यावा? उत्तर एकच, वऱ्हाडचा कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर खामगावच्या बाजारपेठेकडे वळली. मुंबई-नागपूर लोहमार्ग तोवर जलंबवरून गेला होता; खामगाव मात्र बाजूला राहिले होते. कापसाने लादलेल्या बैलगाड्यांना स्टेशनापर्यंत काळ्या मातीतून वाट काढावी लागे. फाटा झाला आणि गाठी थेट मुंबई बंदराकडे निघाल्या. हा मार्ग परक्यांच्या गिरण्यांसाठी टाकला गेला, हे विसरता येत नाही. तरी खामगावच्या भरभराटीत त्याचा वाटा मोठा आहे.

फाटा आजही चालू आहे, पण खामगावच्या पुढे सरकलेला नाही. बुलढाणा या जिल्ह्याच्या ठिकाणी अजून रेल्वे पोहोचलेली नाही. खामगाव-जालना मार्गाची जुनी मागणी आता तरी पूर्ण व्हावी.