सफारी शिकारव्यवसाय, केन्यातील
परदेशी शिकाऱ्यांस वाटाडे, हमाल, तंबू, शिधा व वाहने पुरविण्याचा व्यवसाय. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नैरोबी हे त्याचे केंद्र होते. १९०९ मध्ये थीओडोर रूझवेल्ट यांच्या मोहिमेची व्यवस्था न्यूलँड, टार्लटन अँड कंपनी या पेढीने केली आणि या धंद्याची कीर्ती सर्वत्र पसरली. तथापि ग्राहक दूरदेशीचा व रानात सर्वस्वी वाटाड्यावर विसंबलेला असल्याने वाटाड्याची निवड चुकल्यास पैसा तर जाईच, परंतु प्रसंग जिवावरही बेते. जखमी सिंह वा रानरेडा झुडपात शिरल्यास त्याचा माग काढून त्यास ठार करणे, हे ग्राहकाचे नव्हे तर वाटाड्याचे कर्तव्य मानले जाई. वाटाड्याची खरी परीक्षा येथेच होई. अशा जबाबदारीस शिस्त लावण्यासाठी १९३४ मध्ये नैरोबीच्या नॉरफोक हॉटेलात ‘ईस्ट आफ्रिकन प्रोफेशनल हंटर्स असोसिएशन’ स्थापन झाली. फिलिप पर्सिव्हल हे तिचे पहिले अध्यक्ष होत. ‘भीती नको, अविचारही नको’ अशा आशयाचे तिचे लॅटिन बोधवाक्य होते. ज्यांच्या नजरेवर सारी शिकार अवलंबून असे, त्या आफ्रिकी माग काढणाऱ्यांच्या वाट्याला मात्र या लौकिकाचा अंश क्वचितच आला. १९७७ मध्ये केन्या शासनाने शिकारीवर बंदी घातली व त्याच वर्षी ही संघटना विसर्जित झाली.