रविवारी बांधलेलं घर

आमच्याकडे सनावळीपेक्षा घराचा हिशोब जास्त चालायचा. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाचं आजारपण, काहीही निघालं की माई, म्हणजे माझी आजी, आधी विचारायची, "घराआधी की घरानंतर?" घर म्हणजे बदलापूरचं. कुळगावच्या बाजूला, स्टेशनापासून वीसेक मिनिटं चालत, तीन गुंठ्यांवरचं मंगलोरी कौलांचं बैठं घर. १९६७ चा पावसाळा सरल्यावर त्याचा पाया खणला आणि १९६८ च्या वैशाखात वास्तुशांत झाली. मी तेव्हा दोन वर्षांची. त्यामुळे यातलं बरंचसं ऐकीव आहे, आणि ऐकीव गोष्टी आमच्या घरात सांगणाऱ्यागणिक बदलायच्या. माई एक सांगायची, आत्या दुसरंच. मला दोघींचंही खरं वाटायचं.

घराआधी गिरगाव होतं. चाळीतली एक खोली, पुढे सामाईक गॅलरी, पहाटे नळाला येणारं पाणी. त्या खोलीत अण्णा, म्हणजे माझे आजोबा, आणि माई, त्यांची मुलं, अण्णांचे धाकटे भाऊ, पुढे माझी आई आणि मी. शिवाय कोकणातून शिकायला नाहीतर नोकरीसाठी आलेला कुणी ना कुणी असायचाच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती, म्हणून खोली परवडत होती. पण त्याच कायद्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस उरला नव्हता, असं अण्णा म्हणायचे. नवी जागा घ्यायची तर पागडी, आणि ती आपल्या आवाक्यातली नाही, हे त्यांनी लवकर ओळखलं होतं. अण्णा फोर्टात कारकून होते. ऑफिसातल्या काही जणांनी मिळून सहकारी संस्था काढली, बदलापुरात जमीन बघितली, बिनशेती करून घेतली आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले. जमिनीचा वाराचा भाव अण्णांनी रुपयांत कधी सांगितला नाही. "माईच्या पाटल्या आणि माझा फंड," एवढंच सांगायचे.

बोरीबंदरहून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. गाडी १८५३ साली ठाण्याला गेली, १८५४ ला कल्याणला आणि १८५६ ला बदलापूरवरून पुढे खोपोलीला. म्हणजे अण्णा तिथे पोचायच्या शंभर वर्षं आधी रूळ तिथे पोचले होते, माणसं राहायला यायची बाकी होती. कल्याण सोडलं की तेव्हा भाताची खाचरं सुरू व्हायची. अंबरनाथनंतर तर बराच वेळ स्टेशनच यायचं नाही. पहिल्यांदा जागा बघायला गेल्यावर माईने चंदेरीचा उंच सुळका बघितला, चहूकडचं रान बघितलं आणि अण्णांना म्हणाली, "इथे मीठ संपलं तर मागायचं कुणाकडे?" हा प्रश्न आमच्या घरात पुढे म्हणीसारखा वापरला जायचा.

घर बांधलं ते रविवारी. शनिवारी अर्धा दिवस भरला की अण्णा परस्पर गाडी पकडायचे. जाताना पिशवीत काहीतरी असायचंच. लोहार चाळीतून घेतलेल्या बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, शेरभर खिळे. खिडकीच्या चौकटी रे रोडच्या वखारीतून जुन्या सागवानाच्या घेतल्या आणि लगेजच्या डब्यातून एकेक करून नेल्या. गाडीतली ओळखीची मंडळी हात लावायची. रात्री प्लॉटवरच्या पत्र्याच्या खोपटात सिमेंटच्या गोण्यांशेजारी झोपायचं, रविवारी दिवसभर गवंड्याबरोबर उभं राहायचं आणि शेवटच्या गाडीने परत. आठवडाभर बांधकामावर पाणी कोण मारणार, हा प्रश्न होता. तो सोडवला दादूसने.

दादूस म्हणजे शेजारच्या शेताचा मालक. आगरी माणूस, अण्णांच्याच वयाचा, काळाकभिन्न आणि मितभाषी. पाया आखला त्या दिवशी तो बांधावर उभा राहून बराच वेळ बघत होता म्हणे. मग जवळ आला आणि म्हणाला, "अन्ना, जोता दोन फूट वर घे. पान्याची वाट हाय ही." गवंड्याला ते पटलं नाही. जोतं वाढवायचं तर दगड वाढणार, भराव वाढणार, आणि पैसे मोजूनमापून आणलेले. अण्णांनी एक रविवार विचार केला आणि जोतं दोन फूट उचललं. बदल्यात माजघर लहान झालं, ते शेवटपर्यंत लहानच राहिलं. दादूसने मग रोज संध्याकाळी बैल सोडल्यावर भिंतींवर पाणी मारायचं काम आपणहून घेतलं. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत, यावर माई आणि आत्या दोघींचंही एकमत होतं.

रेती कल्याणच्या खाडीतली. ती काढणारे लोक होडीतून पाण्यात बुडी मारायचे आणि बादलीने तळाची रेती वर आणायचे. अण्णा एकदा मुद्दाम ते बघायला गेले होते. पुढे मुलांपैकी कुणी भिंतीवर पेन्सिलने रेघा ओढल्या की ते ओरडायचे नाहीत, "कुणीतरी श्वास कोंडून आणलीय रे ती रेती," एवढंच म्हणायचे. आम्ही लगेच पेन्सिली ठेवून द्यायचो.

भिंती उभ्या राहिल्या आणि कोयनेचा भूकंप झाला. ११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट. अण्णा आदल्या रात्रीच बदलापूरहून आले होते. चाळीत मांडणीवरची भांडी खडखडली, सगळी चाळ खाली रस्त्यावर आली, मी म्हणे आईच्या खांद्यावर गाढ झोपले होते. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हे मागाहून कळलं. अण्णा उजाडताच निघाले ते थेट बदलापूरला. भिंती जाग्यावर होत्या. फक्त स्वैपाकघराच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरपी, केसाएवढी भेग. ती भूकंपाची की गवंड्याच्या घाईची, यावर आमच्याकडे दोन तट होते. माई भूकंपवाली. अण्णा काहीच बोलायचे नाहीत, पण दरवर्षी चुना लावताना ती भेग हाताने चाचपून बघायचे.

पुढच्या वर्षी गिलाव्याच्या वेळी सिमेंटला परमिट लागायला लागलं. अर्ज, शिक्का, पुन्हा या. सिमेंटवरची ही बंधनं सैल व्हायला १९८२ उजाडावं लागलं, त्यामुळे त्या काळात घर बांधलेल्या प्रत्येकाकडे सिमेंटची एक तरी कथा असतेच. आमच्या कथेत बाहेरच्या भिंतींचा गिलावा तीन वर्षं राहून गेला आणि घर विटांच्याच रंगाचं राहिलं. माईला ते तसंच आवडायचं.

वास्तुशांतीला साखर नव्हती. साखर रेशनवर, आणि बाहेर घ्यावी तर भाव परवडेना. तेव्हा चाळीतल्या बायकांनी आपापल्या कार्डावरची साखर वाटी-वाटी काढून दिली. वर्तमानपत्राच्या पुड्यांमध्ये बांधलेली ती साखर माईने ट्रंकेत घालून नेली. तिचा साखरभात झाला. सोबत अळूची भाजी, वालाचं बिरडं आणि मठ्ठा. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरला, नव्या चुलीवर दूध उतू घातलं, आणि चाळीतली निम्मी माणसं दुपारच्या गाडीने येऊन अंगणात जेवली. दादूस आणि त्याची बायको, आमची वयनी, पहिल्या पंगतीला हवेत, असा माईचा हट्ट होता. तो तिने चालवला.

घर उभं राहिलं अण्णांच्या पैशांनी, पण वसलं माईमुळे. वीज यायला वेळ लागला, तोवर कंदील. विहिरीला काळा पाषाण लागून पाणी लांबलं, तोवर दादूसच्या विहिरीवरून हंडे. माई कोकणातली, तिला रान नवं नव्हतं, पण इथलं रान वेगळं. पहिला पाऊस पडून गेल्यावर वयनीने तिला शेवळं आणून दिली. माईने ती साध्या भाजीसारखी केली आणि सगळ्यांच्या घशाला खाज सुटली. दुसऱ्या दिवशी वयनी चुलीपाशीच येऊन बसली. शेवळाचं वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा खालचा पिवळट भाग काढून टाकायचा, तोच खाजरा. मग बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि काकडं ठेचून त्यांचा आंबट रस घालायचा. काकडं म्हणजे रानातली छोटी आंबट फळं, शेवळांच्याच दिवसांत बाजारात येतात, शेवळंवालीच्या टोपलीतच असतात. वयनी कोलंबी घालायची, माई भिजवलेले वाल. पुढे तीस-पस्तीस वर्षं जूनमध्ये दोन घरांत शेवळांच्या वाट्यांची अदलाबदल व्हायची. मीठ कुणाकडे मागायचं, हा प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात सुटला होता.

या सगळ्यात अण्णा कुठे होते? गाडीत. ते सकाळी सहाच्या सुमारास घर सोडायचे आणि परतायला रात्रीचे आठ-साडेआठ. थंडीच्या दिवसांत जातानाही अंधार आणि येतानाही. गाडीत त्यांची भजनी मंडळी होती, ठरलेला डबा, ठरलेली बाकं. कल्याणपर्यंत भजन, पुढे वर्तमानपत्र. ते कधी कुरकुरले नाहीत. पण ज्यांनी घर बांधलं त्यांनी ते उजेडात फक्त रविवारी बघितलं, हे मला फार उशिरा उमगलं. आम्ही मुलं अंगणात वाढलो, झाडांवर चढलो, विहिरीत पोहायला शिकलो. त्या अंगणाची किंमत माईच्या पाटल्यांत आणि फंडात धरली गेली. अण्णांचे रोजचे चार-साडेचार तास कुठल्याच वहीत लिहिले गेले नाहीत.

ते तास परत मिळाल्याचे थोडे दिवस मात्र मी डोळ्यांनी बघितले. मे १९७४, रेल्वेचा देशव्यापी संप. मी आठ वर्षांची, त्यामुळे ही आठवण माझी स्वतःची, ऐकीव नाही. ८ मे ला संप सुरू झाला आणि जवळजवळ वीस दिवस चालला. गाड्यांचा भरवसा नव्हता. अण्णांनी साठलेली रजा टाकली. पहिले दोन दिवस ते पहाटेच उठून, आंघोळ करून, कपडे घालून पडवीत बसले. तिसऱ्या दिवशी पायजम्यावर आले. मग त्यांना घर दिसायला लागलं. दुपारी तीनला पडवीतलं ऊन कुठे सरकतं, विहिरीवर कोणते पक्षी येतात, दादूसच्या बांधावरचं जांभूळ कधी पिकतं. माईला ते रोज काहीतरी नवं सांगायचे आणि माई "हो का?" म्हणायची. तिला ते सहा वर्षं माहीत होतं. तरीही "हो का?" म्हणायची, तेही अगदी मनापासून. स्वैपाकघरातल्या भेगेवर सकाळी ऊन येतं, हे अण्णांना त्या मे महिन्यात कळलं. आंबे चिरून देताना त्यांनी ते आम्हाला कौतुकाने दाखवलं होतं.

अण्णा गेले, मग दादूस, मग माई. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने बदलापुरात हाहाकार केला. आमच्या मागचा ओढाही फुगला, कंपाउंडातून पाणी शिरलं, अंगण भरलं आणि जोत्याच्या वरच्या पायरीखाली थांबलं. वयनी तेव्हा हयात होत्या, आमच्याच पडवीत येऊन बसल्या होत्या. "त्यांनी सांगितला होता," एवढंच म्हणाल्या. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर माणसांसकट पुरात अडकली, तेव्हा टीव्हीवर ते पाणी बघताना मला दादूसचाच आवाज ऐकू येत होता. पाण्याच्या वाटा नकाशावर नसल्या तरी जुन्या माणसांना पाठ असतात. विचारणारा मात्र हवा.

आता ते घर जायचं आहे. संस्थेच्या सगळ्याच प्लॉटवर इमारती होताहेत, आमच्याही सह्या झाल्या. मला भिंतींचं दुःख कमी आहे. अण्णांनी गिरगाव सोडलं ते आमच्यासाठी, बदलापूरनेही पुढच्यांसाठी जागा करून द्यायची असते. भाच्याने वांगणीला पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, बदलापूरच्याही पुढे, कारण बदलापूर आता त्याला परवडत नाही. जागा स्वस्त, गाडीतले तास जास्त. अण्णांचाच हिशोब तो आज मांडतोय. मजले, टाइल्स, हप्ते, सगळं त्याने मला हौसेने सांगितलं. मीही हौसेने ऐकलं. माई म्हणायची ते मग त्याला सांगितलं, की घर बांधून होतं, शेजार मात्र जोडावा लागतो. आणि अण्णांकडून शिकले तेही सांगितलं. ताबा मिळाला की आधी आठ दिवसांची रजा टाक आणि नुसता घरात राहा. ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते बघ. खाली भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला विचार, पावसात पाणी कुठवर येतं आणि शेवळं कधी येतात. वास्तुशांत त्यानंतर करू. साखर मी आणीन.