रंगूनहून चालत आलेला मुलगा, भोपाळ आणि आपली एमआयडीसी

परवा महाड कोर्टात एका जमिनीच्या कामासाठी गेलो होतो. पुढची तारीख मिळाली, म्हणजे नेहमीचंच. बाहेर चहाच्या टपरीवर पोलादपूरकडचा एक मुलगा भेटला. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२१ च्या पावसात घरावर दरड आली, तेव्हापासून कुटुंब नातेवाइकांकडे. बोलता बोलता म्हणाला, "काका, ज्याचं घरदारच गेलंय त्याला या धंद्यात कोण उभं करणार?"

मी त्याला फली नरिमन यांचं नाव सांगितलं. नाव त्याला माहीत होतं, सुप्रीम कोर्टातले मोठे वकील म्हणून. पण हा माणूस बारा-तेरा वर्षांचा असताना युद्धातून जीव वाचवून, डोंगर-जंगलातून चालत भारतात आला होता, हे ठाऊक नव्हतं. तेवढ्यात त्याची एसटी लागली आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून इथे लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

नरिमन यांचा जन्म १० जानेवारी १९२९ चा, रंगूनचा. पारशी कुटुंब. तेव्हा ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. मुंबईहून रंगूनला जाणं म्हणजे परदेशी जाणं नव्हतं, बोटीने दुसऱ्या प्रांतात जाणं होतं. १९३१ च्या खानेसुमारीत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त लोक हिंदुस्थानी होते. गोदीतले हमाल, रिक्षा ओढणारे, कारकून, सावकार, व्यापारी, सगळे. मग १ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा केला गेला. म्हणजे आठ वर्षांचा फली घरातून एक पाऊलही न हलता परमुलखात राहणारा झाला.

(जाता जाता आपल्या गावचं एक सांगतो. त्याच्या दोनच आठवडे आधी, १७ मार्च १९३७ ला, मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या दाव्याचा शेवटचा निकाल दिला. १९२७ चा दावा क्रमांक ४०५, आपल्या महाडच्याच कोर्टात दाखल झालेला. प्रतिवादींमध्ये पहिलं नाव डॉ. आंबेडकरांचं. बॅरिस्टर माणूस स्वतः प्रतिवादी होऊन दहा वर्षं लढला. २० मार्चला आपण सगळे तळ्यावर जातो, पण हा दावा कितीजणांना माहीत आहे?)

२३ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले. दोन दिवसांनी, नाताळाच्या दिवशी, पुन्हा टाकले. शहर रिकामं व्हायला लागलं. ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. ज्यांना बोटीत जागा मिळाली ते बोटीने सुटले, बाकीचे पायी निघाले. कुणी आराकानच्या खिंडीतून चितगावकडे, कुणी चिंदविन नदी ओलांडून तामूमार्गे इंफाळकडे, कुणी त्याहून उत्तरेला आसामकडे. चार-पाच लाख माणसं त्या वर्षी अशी भारतात आली असं मानतात, आणि वाटेत कॉलरा, मलेरिया आणि उपासमारीने गेलेल्यांचा आकडा हजारोंत आहे. गोऱ्यांसाठी एक वाट आणि काळ्यांसाठी दुसरी, अशी व्यवस्था वाटेवर होती ही तक्रार त्यावेळी काँग्रेसने जाहीरपणे केली होती.

नरिमन कुटुंब या लोंढ्यात होतं. ब्रह्मदेशातलं घर आणि तिथला संसार मागे ठेवून आई-वडील मुलाला घेऊन डोंगर उतरून आले.

पण इथे एक गोष्ट खरी खरी सांगायला हवी, नाहीतर त्या पोलादपूरच्या पोराची मी फसवणूक केली असं होईल. सगळे निर्वासित सारखे नसतात. नरिमन यांच्या घरी शिक्षण होतं, ओळखी होत्या, समाज पाठीशी होता. म्हणून मुलगा सिमल्याच्या बिशप कॉटन शाळेत जाऊ शकला आणि पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये. त्याच वाटेने आलेल्या तेलुगू नि उडिया हमालांच्या पोरांचं पुढे काय झालं, त्यांची आत्मचरित्रं कुणी छापली नाहीत.

वडिलांची इच्छा होती मुलाने आयसीएसला बसावं. परीक्षेचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून वकिली, तीसुद्धा शेवटचा पर्याय म्हणून! मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून कायद्याची पदवी, १९५० ला अॅडव्होकेटच्या परीक्षेत पहिला नंबर, आणि मग सर जमशेदजी कांगांचं चेंबर. या एका चेंबरमधून सीरवाई, पालखीवाला, सोराबजी आणि नरिमन निघाले. आपल्याकडे एखाद्या तालमीतून पैलवान निघावेत तसं.

हायकोर्टात तेव्हा, आणि आजही, 'ओरिजिनल साइड' नावाचा विभाग आहे. मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे खालच्या कोर्टातून न येता थेट तिथेच चालतात. साक्षीदार उभा करणं, उलटतपास, कागद शाबीत करणं, सगळं तिथेच. या पिढीच्या वकिलांची घडण त्या कामात झाली. आपल्या पोरांना वाटतं मोठा वकील म्हणजे टीव्हीवर घटनेवर बोलणारा. त्या बोलण्याखाली आधी साक्षीपुराव्याची अनेक वर्षं असतात.

१९७१ ला ते सीनियर अॅडव्होकेट झाले. १९७२ ला दिल्लीत अॅडिशनल सॉलिसिटर जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे वकील. जून १९७५ ला आणीबाणी लागली आणि त्यांनी लगेच राजीनामा दिला. त्या वेळी भल्याभल्यांनी माना खाली घातल्या होत्या, हे जुन्या माणसांना आठवत असेल. १९९८ ला पुन्हा तसंच. नर्मदा धरणाच्या प्रकरणात ते गुजरात सरकारचे वकील होते. तिथे ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, बायबल जाळलं गेलं, तर यांनी सरकारचं वकीलपत्रच सोडून दिलं. बॉम्बखालून पळालेल्या मुलाला सरकार नावाच्या गोष्टीची भीती कमी वाटत असावी, किंवा जास्त. मला वाटतं जास्तच, म्हणून तिच्यापासून कधी लांब व्हायचं ते त्याला कळलं.

आता अवघड भाग.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र, भोपाळ. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. भारत सरकारने ३३० कोटी डॉलर मागितले. १४ फेब्रुवारी १९८९ ला सुप्रीम कोर्टात तडजोड झाली ४७ कोटी डॉलरवर. युनियन कार्बाइडच्या बाजूने उभे होते फली नरिमन.

वकिलाने कोणाचंही वकीलपत्र घ्यावं, आरोपीलाही वकील हवाच, हे तत्त्व मलाही मान्य आहे. कोर्टात कुणाच्याच बाजूने कुणी उभं राहिलं नाही तर न्याय कसला? पण प्रा. उपेंद्र बक्षींसारख्या माणसाने त्यांना जाब विचारला, आणि नरिमन यांनी तो वाद लपवला नाही. आपल्या आत्मचरित्रात छापला. पुढे मुलाखतीतही मान्य केलं की पुन्हा संधी मिळाली तर आपण हे वकीलपत्र घेणार नाही, कारण पुढे असलेली गोष्ट नुसता खटला नव्हती, एवढ्या माणसांचं मरण होतं. तरुणपणी मोठं काम मिळाल्याच्या महत्त्वाकांक्षेने आपण ते घेतलं, असाच त्यांच्या सांगण्याचा रोख होता. (तरुण कसले, पंचावन्न उलटले होते! पण कबूल करणाऱ्याला एवढी सूट देऊ.)

आणीबाणीतला राजीनामा सगळे सांगतात. मला ही कबुली जास्त महत्त्वाची वाटते. त्याचं कारण आपल्याच दारात आहे.

बिरवाडीकडून येताना एमआयडीसीचा वास नाकात जातो तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रसायनांचे कारखाने आहेत, त्यावर हजारो घरं चालतात, माझ्या भावकीतलीही चालतात. ३ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार गेले. चार दिवस कॅमेरे आले. मग काय झालं, सांगा बरं?

भोपाळनंतर कायदे झाले, हे खरं. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, कारखाना कायद्यात १९८७ ला घातलेली धोकादायक उद्योगांची कलमं. डिसेंबर १९८६ ला, दिल्लीच्या ओलियम गळतीच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घातक माल हाताळणाऱ्या कंपनीला अपघाताची जबाबदारी झटकता येणार नाही, चूक नव्हती हे कारण चालणार नाही. पण १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यात मृत्यूमागे तातडीची मूळ रक्कम किती होती, तर २५,००० रुपये! आणि भोपाळची भरपाई वाढवून मागणारा केंद्राचा शेवटचा अर्ज १४ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाने फेटाळला. म्हणजे १९८९ ची ती तडजोड ३४ वर्षांनीही तिथेच उभी आहे.

असं एखादं प्रकरण उद्या आपल्या कोर्टात आलं तर कंपनीकडे मुंबईहून वकिलांची फौज येईल. ते येणारच, आणि त्यांनी यावंही. दुसऱ्या बाकावर कोण असेल? कारखान्यातल्या कामगाराला कंत्राटदाराने काय लिहून दिलं होतं, हजेरीचा कागद कुठे असतो, पंचनाम्यात कोणता शब्द राहून गेला, हे माहीत असलेलं कुणीतरी तिथे लागेल. ते माणूस महाड-पोलादपूरचंच असलं तर बरं.

फली नरिमन २१ फेब्रुवारी २०२४ ला दिल्लीत गेले, ९५ वर्षांचे होते.

आपल्या भागातलं कुणी रंगूनला होतं का, चालत परत आलेलं कुणी घरातल्यांनी पाहिलं-ऐकलंय का, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. आणि त्या मुलाचा नंबर घ्यायचा राहिला. पोलादपूरहून सकाळच्या गाडीने येतो म्हणाला होता, हातात निळी फाइल होती. कुणी ओळखत असाल तर ही पोस्ट त्याला दाखवा. म्हणावं, चहाचे पैसे काकांनी दिलेत, राहिलेलं बोलणं बाकी आहे.