फ्रीलान्सिंग? आपल्या भोसरीत त्याला जॉबवर्क म्हणतात

आजचा एपिसोड थोडा घरचा आहे. बसमध्ये नेट गेलं असेल तर हे वाचा, नेहमीप्रमाणे बोललेलंच लिहून काढलंय.

तर झालं असं. बीटेक झाल्यावर मी पाच वर्षं आयटीत नोकरी केली आणि मागच्या वर्षी राजीनामा टाकला. आता फ्रीलान्स! पहिलं काम मिळालं एका छोट्या कंपनीच्या वेबसाइटचं. महिनाभर राबलो, काम दिलं, चाळीस हजारांचं बिल पाठवलं. उत्तर आलं, "अकाउंट्सला फॉरवर्ड केलंय." पुढचे चार महिने तेच उत्तर. इकडे गाडीचा हप्ता थांबत नव्हता. एका रात्री जेवताना माझी चिडचिड चालली होती, तेव्हा पप्पांनी विचारलं, "पीओ घेतला होतास का?"

म्हटलं, "व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं होतं ना."

पप्पा हसले. "म्हणजे जॉबवर्क केलंस, आणि हातात कागद नाही."

पप्पा टर्नर. आधी कंपनीत होते, मग भोसरीत भाड्याच्या गाळ्यात सेकंडहँड लेथ टाकून अठरा वर्षं जॉबवर्क केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जॉबवर्क म्हणजे माल मोठ्या कंपनीचा, ड्रॉइंगही त्यांचं. तुम्ही फक्त टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून द्यायचं आणि नगामागे मजुरी घ्यायची. आधी फर्स्ट पीस पास करून घ्यायचा, मग लॉट चालवायचा. रिजेक्शन आलं की पैसे कापले. आता यात लेथच्या जागी लॅपटॉप ठेवा. डेमो, अप्रूव्हल, बदल, बिल. काय वेगळं आहे सांगा?

ही पद्धत आपल्या भागात रुजली कशी? १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. तोवर इथे मुख्यतः शेती आणि गावं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये पिंपरीत टेल्को आली, आकुर्डीत बजाज उभी राहिली. आता एका गाडीत हजारो भाग लागतात. ते सगळे एकच कारखाना बनवत नाही. बुश, पिन, ब्रॅकेट असली कामं बाहेर जातात. मोठ्या कंपनीकडून मोठ्या व्हेंडरकडे, त्याच्याकडून छोट्याकडे, आणि शेवटी गाळ्यातल्या एका लेथवर. म्हणून कंपनीत हात बसलेला कामगार स्वतःचं मशीन घेऊन बाहेर पडू शकला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, ती या गर्दीच्या जोरावरच. पुढे हाच पट्टा चाकणकडे सरकला. १९९९ मध्ये बजाजचा तिथला कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा.

पण साखळीत तुम्ही जितके खाली, तितका पैसा उशिरा पोचतो. वरच्याला मिळाले की खालच्याला. पप्पा म्हणतात, "काम मिळायचं रे. पैसे यायला तीन-तीन महिने. तोवर घर तुझ्या आईच्या डब्यांवर चाललं." मला हे तिशीला आल्यावर कळतंय. लहानपणी वाटायचं, आईला स्वयंपाकाची आवड आहे.

हे टेल्को-बजाजच्या काळात सुरू झालं असंही नाही. आणखी मागे जाऊ. बेळगाव, १८८८. लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर कळलं की काही रंग नीट ओळखता येत नाहीत. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. नोकरी चालू असताना ते मुंबईतून सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा तिथल्या दुकानात विकायचे. आजच्या भाषेत साइड इन्कम! पुढे बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. तोपर्यंत दुकान उभं होतं.

मग आला लोखंडी नांगर, १९०३ च्या सुमारास. शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आपण तेवढीच गोष्ट ऐकतो आणि मधली दोन वर्षं विसरतो.

मला यातून जे कळलं ते साधं आहे. काम करणं आणि पैसे हातात येणं यांच्यात एक पोकळी असते, ती कुणीतरी भरून काढावीच लागते. किर्लोस्करांची सुरुवात पगारावर भागली, पप्पांचं घर आईच्या डब्यांवर. मी मात्र पोकळीचा विचारच न करता राजीनामा दिला होता.

आता कायद्याचं. छोट्या उद्योगांचे पैसे अडतात म्हणून १९९३ मध्ये वेगळा कायदा झाला. नंतर त्यात उधारीची कमाल मुदत १२० दिवस ठरली. २००६ च्या एमएसएमई कायद्याने ती ४५ दिवसांवर आणली. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकरातही बदल झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजा करता येत नाही. हे सगळं फक्त लेथवाल्यांसाठी नाही. सेवा देणारा एकटा फ्रीलान्सरही आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी करू शकतो, ती ऑनलाइन आणि फुकट आहे. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करा, नंतर धावपळ नको.

माझी नोंदणी नव्हती, करार नव्हता. मेलवर मेल टाकून शेवटी वीस हजार मिळाले. उरलेले मी सोडून दिले. पप्पा म्हणाले, "फी भरलीस असं समज."

आता माझी पद्धत अशी. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका, मी सोडली होती म्हणून सांगतोय. आधी शनिवार-रविवारी एखादं छोटं काम करून बघा. चाळीस टक्के आगाऊ घ्या. काय करणार, किती वेळा बदल करणार, पैसे कधी मिळणार, हे मेलवर लिहून "ओके" घ्या. पहिला भाग दाखवून पास करून घ्या, मगच पुढचं काम. फर्स्ट पीस, दुसरं काय!

मागच्या आठवड्यात चाकणच्या एका वर्कशॉपचं स्टॉक मोजायचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. मालकाने आगाऊ पैसे लगेच पाठवले. का, ते त्यांनीच सांगितलं. त्यांचे स्वतःचे पैसे कायम अडकलेले असतात.

घरात तुमच्याही कुणी गाळा चालवला असेल, तर आज रात्री त्यांना विचारा, पहिलं बिल किती दिवसांनी निघालं होतं? उत्तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.