सगळेच धृतराष्ट्र

रेडिओसाठी लिहिताना मला पहिली ठेच लागली ती एका साडीची. माझ्या श्रुतिकेतला नवरा घरात शिरता शिरता म्हणतो, "अगं, आज निळी साडी नेसलीस?" निर्मात्यांनी त्यावर लाल रेघ ओढली. "साडी तिला ठाऊक आहे, त्याला दिसते आहे. मग तो सांगतोय कुणाला?" तेव्हा राग आला होता. हा प्रश्न रेडिओनाट्याइतकाच जुना आहे, हे पुष्कळ उशिरा कळले.

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने लंडनहून रिचर्ड ह्यूजचे 'अ कॉमेडी ऑफ डेंजर' प्रक्षेपित केले. खास रेडिओसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून त्याची नोंद होते. तोवर रंगभूमीची नाटके मायक्रोफोनसमोर आणली जात. न दिसणारे सांगायला निवेदक, म्हणजे संजय. घरोघरी श्रोते, म्हणजे धृतराष्ट्र. तेवीस वर्षांच्या ह्यूजने संजयाला रजा दिली आणि पात्रांनाच धृतराष्ट्र केले. वेल्समधली कोळशाची खाण, ती पाहायला आलेली एक तरुण जोडी आणि एक वृद्ध गृहस्थ. दिवे जातात. आता 'कुठे आहेस?' हा प्रश्न श्रोत्यासाठी घातलेला राहत नाही, तो जिवाचा प्रश्न होतो. स्फोट होतो, पाणी चढू लागते. शेवटी सुटकेचा दोर येतो, वृद्ध गृहस्थ तरुणांना आधी वर पाठवतात. मग वरून त्यांना हाका मारल्या जातात. उत्तर येत नाही. रंगमंचावर मृत्यू दाखवावा लागला असता; इथे न आलेले उत्तर पुरते.

तंत्र तेव्हा अगदीच घरगुती. खाणकामगारांचे गाणे दुरून यावे म्हणून गायकांना बाहेरच्या बोळात उभे करून मधले दार उघडझाप केले गेले.

पण अंधाराची युक्ती एकदाच चालते, असे मला वाटते. प्रत्येक श्रुतिकेत वीज घालवता येत नाही (आपल्याकडे ती जात असली तरी!). तीस वर्षांनी, १९५४ मध्ये, डिलन टॉमसच्या 'अंडर मिल्क वुड'मध्ये निवेदक ऐटीत परतला. मात्र त्याच नाटकात कॅप्टन कॅट हा अंध म्हातारा खलाशी खिडकीशी बसून गाव कानांनी ओळखतो. मला तो ह्यूजच्या खाणीतून वर आलेला वाटतो. दिवे लागलेलेच आहेत, तरी ऐकण्याला कारण आहे.

माझी साडी मी काढून टाकली. तिथे लोखंडी कपाटाचे दार करकरते, बांगड्या वाजतात, आणि नवरा दारातूनच विचारतो, "कुठे निघालीस?"