लेसरने रंगद्रावण आणि वायू कसे मोजतात?

द्रावणातून किंवा वायूतून लेसर किरण पाठवायचा आणि पलीकडे किती प्रकाश पोहोचला ते मोजायचे. जो प्रकाश कमी झाला, त्यावरून आत काय आहे आणि किती आहे हे काढता येते. मात्र त्यासाठी लेसरची तरंगलांबी नेमकी निवडावी लागते.

रंगद्रावण

रत्नागिरीतल्या घराघरांत असणारे कोकमाचे आगळ घेऊ. त्याचा लाल रंग अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांमुळे येतो. आंबट द्रावणात ही द्रव्ये हिरवा प्रकाश शोषतात आणि लाल प्रकाश बहुतांशी जाऊ देतात. त्यामुळे पाणी घालून गाळलेल्या आगळातून 632.8 नॅनोमीटरचा लाल हेलियम-निऑन लेसर फारसा कमी न होता पार जातो. 532 नॅनोमीटरचा हिरवा लेसर मात्र बराच शोषला जातो. रंगद्रव्य मोजायचे तर हिरवाच लेसर हवा.

हिशेब बीअर-लॅम्बर्ट नियमाने होतो. एका द्रावणातून 100 पैकी 10 भाग प्रकाश पार झाला, तर त्याच नळीत दुप्पट तीव्रतेच्या द्रावणातून 5 नव्हे, 1 भाग पार होतो. हा नियम पातळ आणि स्वच्छ द्रावणांना चांगला लागू पडतो. सोलकढीला तो असा लावता येत नाही, कारण नारळाच्या रसातले स्निग्ध कण प्रकाश इकडेतिकडे विखुरतात आणि शोषण प्रत्यक्षाहून जास्त दिसते.

वायू

वायूचे रेणू अतिशय अरुंद पट्ट्यांतच प्रकाश शोषतात. अमोनियासाठी 1512, तर मिथेनसाठी 1654 नॅनोमीटरच्या आसपासचा अदृश्य अवरक्त लेसर वापरतात. विद्युतप्रवाह किंचित बदलून डायोड लेसरची तरंगलांबी त्या रेषेवरून मागेपुढे सरकवली जाते. लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतींच्या दृष्टीने ही पद्धत महत्त्वाची आहे, कारण हवेचा नमुना प्रयोगशाळेत न नेता गळती काही सेकंदांत कळू शकते. पण अमोनियासाठी जुळवलेले यंत्र दुसऱ्या वायूची गळती दाखवत नाही. तिथे शून्य दिसले म्हणजे हवा सुरक्षित, असे समजणे धोक्याचे आहे.

विजयदुर्ग आणि हेलियम

प्रकाशाच्या रेषांवरून वायू ओळखण्याची पद्धत लेसरपेक्षा जुनी आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील (आता सिंधुदुर्गातील) विजयदुर्गावरून गेला. नॉर्मन लॉकयर यांनी इथूनच हेलियम शोधला, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाच्या वेळी गुंटूरहून निरीक्षण करणारे शास्त्रज्ञ पिएर जान्सेन होते. लॉकयर यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेची पिवळी रेषा अभ्यासली. ती रेषा देणारा हेलियम पृथ्वीवर 1895 मध्ये विल्यम रॅम्झी यांना सापडला. कोकमाच्या प्रयोगातल्या लाल लेसरमध्ये तोच वायू निऑनसोबत भरलेला असतो.