तिजोरीची चावी आणि हिशेबाची वही

बजेट म्हटलं की आपल्याला 1 फेब्रुवारी आठवते, अर्थमंत्र्यांचं लांबलचक भाषण आठवतं आणि काय स्वस्त, काय महाग याची यादी आठवते. आज मात्र आपण अमेरिकेत जाणार आहोत. तिथल्या खासदारांनी 1974 मध्ये ठरवलं की राष्ट्राध्यक्षांचं बजेट येऊ दे, पण देशाच्या खर्चाचा आराखडा आपणही आपल्या समितीत बसून आखायचा. हे त्यांना का सुचलं? एका भांडणामुळे.

साल 1972. अमेरिकेच्या नद्या कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने सडल्या होत्या. क्लीव्हलँडच्या कायाहोगा नदीने तर 1969 मध्ये चक्क पेट घेतला होता. तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने (आपला काँग्रेस पक्ष नव्हे बरं का!), पाणी स्वच्छ करण्यासाठी कायदा केला. शहरांना सांडपाणी प्रकल्प बांधायला तीन वर्षांत 18 अब्ज डॉलर द्यायचे ठरले. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी व्हेटो वापरला. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो मोडून काढला. विषय संपला?

नाही ना! निक्सन यांनी पैसेच अडवले. पहिल्या दोन वर्षांसाठी कायद्यात 11 अब्ज होते, वाटपाला काढले फक्त 5 अब्ज. म्हणजे कायदा पास झाला, पण शहरांच्या हाती निम्म्याहून कमी पैसे आले. न्यूयॉर्क शहर कोर्टात गेलं आणि 1975 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असे पैसे अडवता येत नाहीत.

आता दुसरी बाजूही ऐका. निक्सन म्हणायचे की काँग्रेस बेहिशेबी खर्च करते, म्हणून तूट आणि महागाई वाढते. यात तथ्य होतं. कर ठरवणारी समिती वेगळी, खर्च मंजूर करणारी वेगळी, आणि खर्चाची विधेयकंही एकेक करून सुटी पास व्हायची. घरातल्या प्रत्येकाने आपापली खरेदी करावी आणि महिनाअखेरीची बेरीज कुणीच करू नये, तसा प्रकार. पूर्ण बेरीज मांडलेलं बजेट 1921 च्या कायद्यापासून राष्ट्राध्यक्षांकडूनच यायचं. तिजोरीची चावी काँग्रेसकडे, हिशेबाची वही मात्र व्हाइट हाऊसमध्ये.

मग 1974 मध्ये नवा कायदा झाला. त्यावर 12 जुलैला सही कुणी केली? खुद्द निक्सन यांनी! वॉटरगेट प्रकरणाने ते तोवर पार खिळखिळे झाले होते. 28 दिवसांनी त्यांचं पद गेलं.

या कायद्याने दोन्ही सभागृहांत एकेक बजेट समिती आली. पैसे अडवण्यावर बंधनं आली. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे काँग्रेसचं स्वतःचं, कुठल्याही पक्षाचं नसलेलं बजेट कार्यालय आलं. त्याच्या पहिल्या प्रमुख अर्थतज्ज्ञ ॲलिस रिव्हलिन. आता सरकारी आकडे तपासायला खासदारांकडे स्वतःचे आकडे होते.

समिती काम कशी करते? फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांचा प्रस्ताव येतो, निदान यायला हवा. बजेट कार्यालय सांगतं की आहेत तेच कायदे चालू ठेवले तर जमा किती, खर्च किती, तूट किती. बाकीच्या समित्या आपापल्या गरजा कळवतात. मग बजेट समिती एकूण आकडा ठरवते आणि संरक्षण, शेती, आरोग्य अशा विषयांत त्याची विभागणी करते. हा ठराव 15 एप्रिलपर्यंत दोन्ही सभागृहांत पास व्हावा अशी अपेक्षा असते. गंमत म्हणजे त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही, कारण तो कायदाच नसतो. काँग्रेसने स्वतःला घालून घेतलेला तो लगाम. त्यातून खर्च समितीला एक कमाल रक्कम मिळते, ती रक्कम 12 उपसमित्यांत वाटली जाते, आणि खरे पैसे त्यांच्या विधेयकांतून सुटतात.

या सगळ्याला वेळ पुरावा म्हणून आर्थिक वर्षाची सुरुवातही 1 जुलैवरून 1 ऑक्टोबरवर नेली. पण तारखा पाळल्या जातातच असं नाही. ठराव रखडतो, कधी होतच नाही. आणि खर्चाची विधेयकं अडकली की सरकारी कार्यालयांना टाळं. डिसेंबर 2018 मध्ये सुरू झालेलं टाळं 35 दिवस टिकलं. पार्क, संग्रहालयं ठप्प, लाखो कर्मचारी पगाराविना. वही हाती आली म्हणून घरातलं भांडण मिटतं असं नाही.

आणि आपल्याकडे? गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात बजेटवर पहिलं भाषण केलं, तेव्हा सदस्यांना बोलता यायचं, मत देता येत नव्हतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की तिजोरीतली शिल्लक लोकांवरच्या जादा करातून आलीय. आज लोकसभेला मत आहे. 1993 पासून खात्यानुसार स्थायी समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात. पण त्यांचा सल्ला बंधनकारक नाही, आणि 2018 मध्ये तर सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना एका झटक्यात मंजूर झाल्या.

म्हणून पुढच्या बजेटला स्वस्त-महागची यादी बघाच, पण एक प्रश्नही विचारा: हे आकडे सरकारबाहेरच्या कुणी तपासले का? आपल्या स्थायी समित्यांचे अहवाल संसदेच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. एखादा उघडून बघा, आणि त्यात काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!